अर्धा इंची नळ आणि पाण्याचा मीटर

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर यांसारख्या गावांत नवे घर बांधले की नळासाठी अर्ज करावा लागतो. नळ किती इंची हवा, हा त्या वेळचा महत्त्वाचा प्रश्न. बहुतेक घरे अर्धा इंची नळ घेतात. विदर्भातील अनेक लहान नगरपरिषदांत वर्षाची पाणीपट्टी या इंचांवरच ठरत आली आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी आले काय किंवा रोज आले काय, एका घराने दोन टाक्या भरल्या काय किंवा दुसऱ्याच्या चारच घागरी भरल्या काय, पट्टी सारखीच.

अशा गावात नळाला मीटर बसवण्याचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. ‘मीटर आल्याशिवाय नासाडी थांबणार नाही’ असे काही जण म्हणतात. ‘पाणी येत नाही ते नाहीच, वर बिल मात्र येणार’ असे दुसरे म्हणतात. गंमत अशी की दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ते कसे, हे समजण्यासाठी पाणी मोजण्याचा इतिहास आणि त्यामागचे विज्ञान दोन्ही पाहावे लागतात. हा इतिहास सुमारे १९०० वर्षे मागे जातो, आणि त्याची सुरुवात आपल्या अर्धा इंची नळासारख्याच एका नळापासून होते.

रोमचा पाणी-अधिकारी

इ.स. ९७ मध्ये रोमच्या सम्राटाने फ्रॉन्टिनस नावाच्या ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे शहराच्या पाणीपुरवठ्याचा कारभार सोपवला. दूरच्या झऱ्यांचे पाणी दगडी कालव्यांतून रोममध्ये येत असे. सार्वजनिक हौद, स्नानगृहे आणि परवानगी मिळालेली खासगी घरे यांना ते वाटले जाई. फ्रॉन्टिनसने या साऱ्या व्यवस्थेची पाहणी केली आणि त्यावर एक पुस्तक लिहिले. ते आजही उपलब्ध आहे.

रोममध्ये पाण्याचे माप म्हणजे नळाचे तोंड. ‘क्विनारिया’ हे त्यातले प्रमुख माप. क्विनारिया म्हणजे सुमारे २.३ सें.मी. व्यासाचा नळ. ज्याला जेवढ्या क्विनारिया मंजूर, तेवढ्या मापाचे ब्राँझचे तोंड त्याच्या जोडणीवर बसवत आणि त्यावर सरकारी शिक्का मारत. तोंडाच्या पुढे ५० फुटांपर्यंतचा नळही त्याच मापाचा असावा, असा नियम होता. कारण तोंड लहान ठेवून पुढे मोठा नळ जोडला तर जास्त पाणी ओढले जाते, हे लोकांना माहीत झाले होते.

पाहणीत फ्रॉन्टिनसला बरेच काही सापडले. काही तोंडांवर शिक्काच नव्हता, काही मंजुरीपेक्षा मोठी होती, काही ठिकाणी फरसबंदीखालून चोरून नळ नेलेले होते. आणखीही एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. एकाच मापाची दोन तोंडे सारखे पाणी देत नाहीत. प्रवाहाच्या समोर, उतरते बसवलेले तोंड जास्त पाणी घेते. म्हणजे नुसत्या नळाच्या आकारावरून पाणी कळत नाही, अशी शंका त्याला आली होती. पण ते कसे मोजावे याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

आपली इंचावरची पाणीपट्टी ही याच क्विनारियाची वंशज आहे, असे म्हणायला हरकत नाही.

तोटी सारखी, पाणी वेगळे

फ्रॉन्टिनसच्या शंकेचे नेमके उत्तर युरोपात मिळायला सतराव्या शतकाची वाट पाहावी लागली. गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याने १६२८ मध्ये वाहत्या पाण्याच्या मोजणीवर पुस्तक लिहिले. त्यातला मुद्दा आज आपण शाळेत एका ओळीत सांगतो : ठरावीक वेळात वाहणारे पाणी = प्रवाहाच्या छेदाचे क्षेत्रफळ × प्रवाहाचा वेग. नळाच्या व्यासावरून क्षेत्रफळ कळते, वेग कळत नाही. म्हणजे अर्धीच माहिती हाती येते.

मग वेग कशावर अवलंबून असतो? कास्तेल्लीचा शिष्य टॉरिचेल्ली याने १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे सांगितले. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग हा छिद्रावर असलेल्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो.

हे वर्गात सहज दाखवता येते. प्लॅस्टिकच्या एका उंच बाटलीला सारख्याच जाडीच्या तापलेल्या खिळ्याने दोन छिद्रे पाडा. एक काठापासून ५ सें.मी. खाली, दुसरे २० सें.मी. खाली. वरून सतत पाणी ओतून बाटली काठोकाठ भरलेली ठेवा. दोन्ही छिद्रांतून १० सेकंदांत पडणारे पाणी वेगवेगळ्या भांड्यांत धरून मोजा. उंची चौपट, म्हणून खालच्या छिद्रातून पाणी जवळजवळ दुप्पट मिळायला हवे.

आता बाटलीच्या जागी गावची पाण्याची टाकी कल्पा. एका आळीतले नळ टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा ९ मीटर खाली आहेत. दुसरी आळी चढावर आहे, तिथले नळ फक्त ४ मीटर खाली आहेत. ९ चे वर्गमूळ ३ आणि ४ चे २. म्हणजे नळ दोन्हीकडे अर्धा इंची असला तरी खालच्या आळीत तेवढ्याच वेळात दीडपट पाणी मिळणार. प्रत्यक्षात नळातील घर्षण, वळणे, वाटेवरच्या जोडण्या यांमुळे आकडे वेगळे येतात, पण फरकाची दिशा हीच राहते. शेवटच्या टोकाला असलेल्या घरांचे तर आणखी हाल. त्यातच कोणी थेट नळाला टिल्लू पंप लावला की शेजाऱ्याच्या नळाची धार बारीक होते.

म्हणून ‘सर्वांना सारखी पट्टी’ हा नियम दिसायला समान असला तरी परिणामात समान नाही. चढावरचे घर खालच्या घराच्या पाण्याचा खर्च उचलत असते. आपण किती पाण्याचे किती पैसे देतो हेच कळत नसल्यामुळे त्याला तक्रारही नेमकी करता येत नाही.

हौदापासून घरातल्या नळापर्यंत

घरोघरी पाणी मोजण्याचा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी नव्हता. कारण पाणी घरोघरी जातच नव्हते. वाशीमचे पद्मतीर्थ, कारंजाचा ऋषी तलाव, गावोगावच्या विहिरी आणि बारवा, इथून लोक पाणी वाहून आणत. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शहरातल्या हौदांत पाणी आणले गेले. तरी हौदापासून घरापर्यंत घागर डोक्यावरूनच जाई. घागर हेच माप आणि वाहणाऱ्या बाईची शक्ती हीच मर्यादा. अशा पाण्याची नासाडी कोण करील?

त्या काळी किती पाणी हा प्रश्न नव्हता. कोणाला पाणी, हा खरा प्रश्न होता. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. पाण्याच्या वाटपाचा कोणताही नियम तपासताना ‘यात कोण बाहेर राहते?’ हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला या इतिहासाने लावली आहे. ती मीटरच्या बाबतीतही उपयोगी पडते.

आधुनिक नळयोजनेची सुरुवात मुंबईत झाली. १८५४ मध्ये पाऊस कमी पडून मुंबईच्या विहिरी आणि तळी आटली. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार विहारचा तलाव बांधायला १८५६ मध्ये सुरुवात झाली आणि १८६० मध्ये त्याचे पाणी शहरात आले. पुढे तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा यांची भर पडली. पाणी घरात आले, तसा घागरीचा हिशेब संपला. आता किती पाणी वापरले हे घरातल्या माणसालाही कळेना.

मग पैसे कसे घ्यायचे? १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात पाणीपट्टी मुख्यतः घराच्या भाडेमूल्यावर ठेवली होती. मोठे घर, मोठी पट्टी. मोजून पाणी देण्याची आणि त्यासाठी मीटर बसवण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. म्हणजे पट्टी की मीटर हा वाद महाराष्ट्राच्या कायद्यात सव्वाशेहून अधिक वर्षे शेजारी-शेजारी नांदतो आहे.

मीटर कसा मोजतो?

कास्तेल्लीचे सूत्र माहीत झाले, पण प्रत्येक घराच्या नळात सतत वेग मोजत बसणारा माणूस कुठून आणायचा? ते काम यंत्राकडे द्यायला हवे होते. १७९० मध्ये जर्मन अभियंता वोल्टमन याने वाहत्या पाण्याचा वेग मोजण्यासाठी पात्यांच्या चाकाचा उपयोग सांगितला. १८५० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या विल्यम सीमेन्स याने घरगुती व कारखान्यांच्या नळांसाठी फिरत्या चाकाचा मीटर तयार केला. तो चांगला खपला आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनला.

आजचा घरगुती मीटर बहुतेक याच कुळातला आहे. आत पात्यांचे एक लहान चाक असते. पाणी बारीक छिद्रांतून त्याच्या पात्यांवर आदळते आणि चाक फिरते. वेग जितका जास्त, तितके फेरे जास्त. चाकाची गती चुंबकाच्या जोडीने वरच्या कोरड्या भागातल्या दातेरी चाकांना दिली जाते आणि आकडे पुढे सरकतात. मीटरच्या तबकडीवर काळे आकडे घनमीटर दाखवतात. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. लाल आकडे किंवा लाल काटे त्याचे भाग, म्हणजे लिटर, दाखवतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. मीटर पाणी ‘मोजत’ नाही. तो चाकाचे फेरे मोजतो. फेऱ्यांवरून पाणी काढताना तो दोन गोष्टी गृहीत धरतो : नळ पूर्ण भरलेला आहे, आणि प्रवाह चाक नीट फिरवण्याइतका जोरदार आहे. ही गृहीते मोडली की आकडे चुकतात.

आधी दुसरे गृहीत पाहू. ‘ब’ वर्गाच्या नेहमीच्या १५ मि.मी. घरगुती मीटरमध्ये ताशी ३० लिटरपेक्षा कमी प्रवाह असेल तर अचूकतेची हमी नसते. त्याच्या वर सुरुवातीला ५ टक्के आणि नेहमीच्या प्रवाहाला २ टक्के इतकी चूक मान्य असते. आता गळणाऱ्या नळाचा विचार करा. दर सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब पडतात. एक मिलिलिटरला चार मोठे थेंब धरले तर दिवसाला सुमारे २१ लिटर पाणी जाते. पण ताशी हिशेब केला तर ते एक लिटरही भरत नाही. चाक जागचे हलत नाही. गच्चीवरच्या टाकीतला तरंगता गोळा अर्धवट बंद होऊन थेंब थेंब पाणी घेत राहिला तरी हेच होते. म्हणजे मीटर बसवला की प्रत्येक गळती पकडली जाईल, हा समज खरा नाही.

मीटर आणि हवा

पहिले गृहीत मोडते ते जास्त गंभीर आहे, आणि ते आपल्याच गावांत मोडते.

वाशीम जिल्हा काळ्या बेसाल्ट खडकाच्या पठारावर, पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. काटेपूर्णा इथे उगम पावून उत्तरेला पूर्णेकडे आणि पुढे तापीला जाते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेला मिळतात आणि त्यांचे पाणी शेवटी गोदावरीत जाते. नद्या इथे सुरू होतात, पण मोठ्या होतात त्या जिल्ह्याबाहेर. बेसाल्टमध्ये पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, म्हणून विहिरींनाही मर्यादा. वाशीम शहर एकबुर्जी धरणावर, मंगरूळपीर मोतसावंग्यावर आणि कारंजा अडाण प्रकल्पावर अवलंबून आहे. पाऊस कमी झाला की नळाचे पाणी काही दिवसांआड जाते. दोन पाळ्यांच्या मधल्या काळात नळ रिकामा असतो. म्हणजे तो हवेने भरलेला असतो.

पाणी सोडले की ते पुढच्या हवेला ढकलत येते. ती हवा घरोघरच्या उघड्या तोट्यांतून सूं सूं आवाज करत बाहेर पडते. हा आवाज आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. हवा पाण्यापेक्षा सुमारे ८०० पट हलकी, त्यामुळे ती फार वेगाने जाते आणि वाटेत मीटरचे चाक भिंगरीसारखे फिरवते. चाकाला हवा आणि पाणी यांत फरक कळत नाही. आकडे पुढे जातात. शिवाय कोरड्या नळातला गाळ आणि गंज पहिल्या लोंढ्याबरोबर येऊन चाकात अडकतो, दाते झिजतात. मग तोच मीटर काही महिन्यांनी कमी दाखवू लागतो किंवा बंद पडतो. आधी नागरिक ओरडतो, नंतर नगरपरिषद.

रिकाम्या नळाचा आणखी एक धोका आहे. पाणी बंद झाले की नळात दाब कमी होतो आणि सांध्यांतून आजूबाजूचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. सीमाभागातील बेळगाव आणि जवळच्या हुबळी-धारवाड या शहरांच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी चोवीस तास पाणी असलेल्या आणि नसलेल्या भागांतले पाणी तपासले. खंडित पुरवठ्याच्या नळांतील सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या नमुन्यांत मैलादूषणाचे जिवाणू आढळले. सतत पुरवठ्याच्या नळांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आत होते.

थोडक्यात, मीटरसाठी जी अट आहे तीच शुद्ध पाण्यासाठीही आहे : नळ सतत भरलेला असला पाहिजे.

मलकापूर आणि लातूर

ही अट पाळली तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर हे गाव आहे. (बुलढाणा जिल्ह्यातले मलकापूर ते वेगळे.) तिथल्या नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने २००९ च्या सुमारास संपूर्ण गावाला चोवीस तास पाणी द्यायला सुरुवात केली. प्रत्येक जोडणीला मीटर बसवला आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा दर ठेवला : थोडे पाणी स्वस्त, जास्त पाणी महाग. या कामाला पंतप्रधानांचा सार्वजनिक प्रशासनातील पुरस्कारही मिळाला.

चोवीस तास पाणी दिले तर लोक वाट्टेल तसे वापरतील, ही भीती स्वाभाविक आहे. पण खंडित पुरवठ्यात कसे वापरतो ते आठवा. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरातले प्रत्येक भांडे भरायचे. नवे पाणी आले की कालचे ‘शिळे’ पाणी ओतून टाकायचे. तोटी उघडीच ठेवायची, म्हणजे पाणी आल्याचे कळते. हे सगळे अविश्वासाचे पाणी आहे. नळ कधीही उघडला तरी पाणी येते अशी खात्री पटली की हा साठा करावा लागत नाही. आणि मीटर असल्यामुळे मोकळी तोटी आपल्याच खिशाला लागते.

लातूरचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. २००८ मध्ये तिथली पाणीव्यवस्था खासगी कंपनीकडे सोपवण्याचा करार झाला आणि घरोघरी मीटर बसवण्याच्या विषयावरून शहरात आंदोलन उभे राहिले. योजना ठरल्याप्रमाणे पुढे जाऊ शकली नाही. त्यानंतर काही वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मांजरा धरण आटले असताना मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीने ५ लाख लिटर पाणी आणले. पाण्याच्या उगमाचीच शाश्वती नसलेल्या शहरात घरचा मीटर लोकांना अन्याय का वाटला असेल, हे यावरून समजते. आधी मीटर, मग कधीतरी पाणी, हा क्रम लोक स्वीकारत नाहीत. त्यांचा हा नकार अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. वर सांगितलेले हवेचे विज्ञान त्यांच्याच बाजूने आहे.

परदेशांतील तीन धडे

इंग्लंडमध्ये घरगुती पाणीपट्टी दीर्घकाळ मुंबईप्रमाणेच भाडेमूल्यावर होती. १९८९ मध्ये पाणी कंपन्यांचे खासगीकरण झाले आणि त्याच सुमारास वाइट बेट व इतर काही ठिकाणी मीटरची मोठी चाचणी झाली. पाण्याचा वापर सरासरीने सुमारे दहा टक्क्यांनी घटला. घट झाली, पण जादू झाली नाही. १९९९ च्या कायद्याने तिथल्या कुटुंबाला फुकट मीटर मागण्याचा हक्क मिळाला. पटला नाही तर ठरावीक मुदतीत जुन्या पद्धतीकडे परतण्याची मुभाही मिळाली. त्याच कायद्याने बिल थकले म्हणून राहत्या घराचे पाणी तोडायला बंदी केली.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतील फिरी वस्तीत आधी पैसे भरण्याचे मीटर बसवले गेले. महिन्याला प्रत्येक जोडणीला ६००० लिटर पाणी मोफत होते. ते संपले की मीटर आपोआप बंद होई. आठ माणसांचे घर धरले तर हे माणशी दिवसाला २५ लिटर होतात. पण एकेका आवारात त्याहून जास्त माणसे राहत होती. रहिवासी न्यायालयात गेले. २००९ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने नगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला, तरी खटला चालू असतानाच पालिकेला आपले नियम सैल करावे लागले होते.

आयर्लंडमध्ये २०१४ मध्ये घरगुती पाण्याचे शुल्क लागू होताच देशभर मोर्चे निघाले. २०१६ मध्ये बिले स्थगित झाली आणि पुढे लोकांना पैसे परत करावे लागले. मीटर बसवले गेले होते, पण लोकांची संमती बसली नव्हती.

या तिन्ही ठिकाणी यंत्र एकच होते. वाद झाला तो यंत्राभोवतीच्या नियमांवरून.

मग वाशीमने काय ठरवावे?

आपल्या नगरपरिषदेची स्थिती पाहा. २००५ च्या कायद्याने महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. धरणातून उचललेल्या पाण्याचे पैसे घनमीटरच्या हिशेबाने भरायचे असतात. पंपाच्या विजेचे बिलही युनिटवर येते. म्हणजे नगरपरिषद मोजून विकत घेते आणि न मोजता विकते. मधे किती गळाले, किती चोरीला गेले, कोणत्या प्रभागाला किती मिळाले, हे कळायला मार्ग राहत नाही. हा तोटा शेवटी सर्वांच्या पट्टीतून किंवा बंद पडलेल्या दुरुस्तीतून भरून निघतो. म्हणून मीटर हवाच. पण पहिला मीटर घरात नको. तो धरणाजवळच्या पंपावर, शुद्धीकरण केंद्रावर आणि प्रत्येक उंच टाकीच्या तोंडाशी हवा. २००८ मध्ये राज्याने सुरू केलेल्या सुजल निर्मल अभियानातही पाण्याचे लेखापरीक्षण आणि मोठे मीटर यांना पहिल्या पायऱ्यांत स्थान होते.

त्यानंतर एकेका टाकीचा भाग घ्यावा. तिथली गळती काढावी, हवा बाहेर पडण्यासाठी एअर व्हॉल्व्ह बसवावेत, नळ सतत भरलेला राहील अशी व्यवस्था करावी आणि मगच त्या भागात घरगुती मीटर बसवावेत. एका भागाचा अनुभव चांगला आला की शेजारचा भाग आपणहून मागणी करतो.

घराने स्वतःसाठी निर्णय घेताना काय विचारावे? मीटर कोणाच्या मालकीचा, बिघडला तर दुरुस्ती कोणाची? बिघडलेल्या काळाचे बिल कसे काढणार? पहिला स्वस्त टप्पा किती लिटरचा? जलजीवन मिशनने २०१९ मध्ये खेड्यांसाठी माणशी दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण ठेवले. पाच माणसांच्या घराला ते महिन्याला सुमारे सव्वाआठ घनमीटर होते. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी १३५ लिटरचे प्रमाण मानतात. त्या हिशेबाने महिन्याला सुमारे २० घनमीटर लागतात. पहिला टप्पा यांपैकी कशाच्या जवळ आहे, हे पाहावे. एकाच नळावर तीन भाडेकरू किंवा दहा माणसांचे एकत्र कुटुंब असेल तर वाढता दर त्यांना श्रीमंताच्या बंगल्याइतकाच महाग पडतो. म्हणून टप्पे जोडणीमागे मोजणार की माणशी, हे विचारलेच पाहिजे. २०१५ मध्ये दिल्लीत महिन्याला २० हजार लिटरपर्यंत पाणी मोफत करताना मीटर चालू असण्याची अट घातली गेली. मीटर म्हणजे फक्त जास्त पैसे असे नसते, गरजेपुरते पाणी स्वस्त किंवा मोफत देण्यासाठीही तोच लागतो, हे त्यातून दिसते. आणि शेवटी, ज्यांच्या घरी नळच नाही त्या वस्तीचे काय? त्यांच्या सार्वजनिक नळाचा हिशेब बिलात धरला आहे की नाही?

शाळेत करण्याजोगी पाहणी

या प्रश्नावर मुले स्वतः माहिती गोळा करू शकतात. मीटर नसतानाही पाणी मोजता येते. प्रत्येक विद्यार्थ्याने पाणी येईल त्या दिवशी घरच्या नळाखाली १० लिटरची बादली ठेवून ती भरायला किती सेकंद लागतात ते लिहावे. पाणी आल्याची आणि गेल्याची वेळही लिहावी. पाणी सुरू झाल्यावर हवेचा आवाज किती मिनिटे आला, तेही नोंदवावे. वर्गातल्या सगळ्या नोंदी गावाच्या नकाशावर मांडल्या की खालच्या आळीची आणि चढावरच्या आळीची धार शेजारी-शेजारी दिसते. धार आणि वेळ यांचा गुणाकार करून प्रत्येक घराचे एका पाळीचे पाणी काढा, त्याला वर्षातल्या पाळ्यांनी गुणून वर्षाचे पाणी हजार लिटरमध्ये मांडा, आणि वर्षाच्या पट्टीला त्या वर्षाच्या पाण्याने भागा. एक हजार लिटरला कोण किती पैसे देतो, हे कळेल.

हा तक्ता मुख्याध्यापकांच्या सहीने नगरपरिषदेला द्यावा. मीटर घ्यायचा की नाही यावर गावात चर्चा होईल तेव्हा निदान एका वर्गाकडे तरी मोजलेले आकडे असतील.